हृदयरुग्णांसाठीची मराठी : नागपुरातील रुग्णालयांना आणि हृदयरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील हृदयरोगतज्ज्ञ, रुग्णालयांचे संचालक आणि रुग्णालयांच्या संकेतस्थळांसाठी मराठी मजकूर तयार करणारी मंडळी

विषय : हृदयरुग्णांसाठी ऑनलाइन दिलेली मराठी माहिती त्यांना वाचून समजेल अशी करण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मेडिकल चौकाच्या परिसरात माझे औषधांचे दुकान आहे. गेल्या सव्वीस वर्षांत काउंटरवर येणाऱ्या हृदयरुग्णांच्या हातातल्या वस्तू बदलत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पूर्वी माणूस डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांचा रिकामा पत्ता घेऊन येई. आता चिठ्ठी आणि पत्त्याबरोबर मोबाइलही येतो आणि त्यावर बहुधा एखादे पान उघडलेले असते. त्या पानावर बोट ठेवून मला जे प्रश्न विचारले जातात, त्यांवरून तुम्ही लिहिलेले लोकांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचते याचा थोडाफार अंदाज मला आला आहे. तो तुम्हाला कळवावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

गेल्या मे महिन्यात सावनेर तालुक्यातले साठीचे एक शेतकरी दुकानात आले. गोळ्या घेऊन झाल्या, पैसे देऊन झाले, तरी ते हलेनात. गर्दी सरल्यावर त्यांनी फाईल उघडून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, ‘‘भाऊ, साठच टक्के चालू राहिलं म्हणते हृदय. चाळीस टक्के गेलं न कामातून?’’ त्यांच्या टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के असे छापलेले होते. मुलाने तो शब्द शोधून एका रुग्णालयाचे मराठी पान त्यांना मोबाइलवर उघडून दिले होते. त्यातले वाक्य असे होते : ‘डाव्या निलयातून प्रत्येक आकुंचनाच्या वेळी उत्सर्जित होणाऱ्या रक्ताचे शेकडा प्रमाण म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन होय.’ या वाक्यात वैद्यकीय चूक एकही नाही, व्याकरणाची तर नाहीच. परंतु टक्के म्हटले की शंभरपैकी किती मिळाले हा हिशेब शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेला असतो, आणि परीक्षेत साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळत असला तरी हृदयाला तेवढ्यावर भागेल असे कोणाला वाटणार? निरोगी माणसाचे हृदयसुद्धा एका ठोक्यात आपल्यातले सगळे रक्त बाहेर टाकत नाही, साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे जास्तच टाकते. म्हणून ५५ ते ७० हा आकडा चांगला समजतात आणि तो ४० किंवा त्याखाली गेला की हृदयाची ताकद कमी झाली असे म्हणतात. एवढी दोन वाक्ये त्या पानावर असती, तर तो माणूस चार रात्री जागा राहिला नसता. ती मी त्यांना काउंटरवर सांगितली, तेव्हा त्यांनी फाईल मिटली आणि बाहेर जाऊन पानाच्या टपरीवर उभे राहिले. तंबाखू सोडण्याविषयी बोलायचे राहूनच गेले, ही माझी चूक.

अशी उदाहरणे तुमच्याही पाहण्यात असतील. ईसीजीच्या पट्टीवर ‘नॉर्मल सायनस ऱ्हिदम’ असे छापून येते आणि आठवड्याला एक तरी माणूस मला सांगतो की हृदय ठीक आहे, पण सायनस निघाला आहे, त्यावर काही द्या. वास्तविक नाकाशी त्याचा काही संबंध नसून हृदयाचे ठोके त्यांच्या नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या लयीत सुरू होत आहेत एवढाच त्याचा अर्थ असतो. स्ट्रेस टेस्ट ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून पेढे नाही तरी सुटकेचा निःश्वास टाकणारे लोक कोरोनाच्या साथीपर्यंत भेटत. त्या साथीने निदान हा एक शब्द घरोघर शिकवला. ‘सौम्य एमआर’ म्हणजे हृदयाच्या एका झडपेतून थोडे रक्त मागे गळणे, पण हे शब्द वाचून लोक एमआरआय करायला निघतात. आणि ‘हार्ट फेल्युअर’ या निदानाची कथा तर सर्वांत वाईट आहे. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ याचा एकच अर्थ आहे, तो म्हणजे माणूस गेला. पन्नास वर्षे आपण तिरडीजवळ उभे राहून तेच शब्द उच्चारत आलो आहोत. आता तुमचे पान सांगते की तुम्हाला ‘हृदय निकामी होणे’ हा आजार आहे आणि औषधे नियमित घ्यावीत. निकामी झालेल्या वस्तूसाठी औषध कशाला, असे एका बाईंनी मला विचारले होते आणि त्यांच्या तर्कात मला खोट काढता आली नाही. हृदयाची ताकद कमी झाली आहे, ते पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही, म्हणून पाय सुजतात आणि धाप लागते, औषधांनी हे पुष्कळ प्रमाणात आटोक्यात राहते, असे लिहायला चार शब्द जास्त लागतील, पण त्या शब्दांनी माणूस गोळ्या घेत राहील.

इंग्रजीत वाचनसुलभता मोजण्याची शास्त्रे फार पूर्वीपासून आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांचे सूत्र १९४८ सालचे, हॅरी मॅक्लॉफ्लिन यांची ‘स्मॉग’ ही पद्धत १९६९ ची, आणि फ्लेश यांच्या सूत्रावरून इयत्ता काढण्याची रीत १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी बसवली गेली. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या मुलाला वाचता येईल अशा पातळीचा असावा, अशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस आहे. तिथल्या हृदयरोगविषयक पानांच्या तपासण्या वेळोवेळी झाल्या आहेत आणि बरीच पाने या पातळीच्या वरच आढळली आहेत. म्हणजे हे दुखणे आपल्यापुरते नाही. फरक एवढाच की तिथे ते मोजले तरी जाते. ही सूत्रे आपण मराठीला तशीच लावू शकत नाही, हेही मान्य केले पाहिजे, कारण ती वाक्याची लांबी आणि शब्दातील अक्षरांची (सिलेबलची) संख्या मोजतात. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘जेवल्यानंतरसुद्धा’ हा भलामोठा शब्द पहिलीतले पोरही बोलते. ‘अँजिओप्लास्टी’ हा परका आणि लांब शब्द आज गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. तर ‘रोहिणी’ हा तीन अक्षरांचा सुंदर शब्द, जो जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात हृदयापासून रक्त नेणाऱ्या वाहिनीसाठी वापरला जाई, तो वाचून माझ्या गिऱ्हाइकाला नक्षत्र आठवेल किंवा शेजारची मुलगी. त्याच वाहिनीला आता पाठ्यपुस्तकात धमनी म्हणतात, आणि लोक सरळ ‘नस’ म्हणतात, ‘हृदयाची नस बंद झाली’. नस म्हणजे मज्जातंतूसुद्धा, हा त्यात घोटाळा आहेच. तरीही मला विचाराल तर पानाची सुरुवात ‘नस’ या शब्दाने करावी, पुढच्या वाक्यात ‘म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी’ असे सांगावे आणि मग हवे तर धमनी म्हणावे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे जे काम केले त्याविषयी मला आदर आहे, पण ते कोश वर्गासाठी आणि कचेरीसाठी केलेले आहेत, रात्री अडीच वाजता छातीत दुखणाऱ्या माणसासाठी नाहीत.

काही पाने तर कोणी लिहिलेलीच नसतात. इंग्रजी मजकूर यंत्रात टाकून मराठी काढलेले असते आणि ते कोणी वाचूनही पाहिलेले नसते. ‘हृदयाचा दौरा’ हा शब्दप्रयोग मी रुग्णालयांच्या पानांवर वाचला आहे. हिंदीत तो बरोबर आहे. मराठीत दौरा मंत्र्यांचा असतो. ‘डिस्चार्ज’चा ‘स्राव’ होतो, त्यामुळे ‘स्रावानंतर घ्यावयाची काळजी’ या मथळ्याखाली घरी सुट्टी झाल्यानंतरचे पथ्यपाणी दिलेले असते. अचानक उद्भवलेल्या आजारालाही ‘तीव्र’ आणि गंभीर आजारालाही ‘तीव्र’ असा एकच शब्द वापरला जातो, आणि ‘झटका’ या एका शब्दात हृदयविकार, लकवा आणि फिट हे तिन्ही मावतात. नागपूर हे हिंदी आणि मराठी एकत्र नांदणारे गाव आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालये यांच्याकडे गडचिरोली-भंडाऱ्याबरोबर छिंदवाडा आणि बालाघाटचेही रुग्ण येतात. म्हणून हिंदी पानही नीट असावे, मराठीही नीट असावे, आणि एकाची छाया दुसऱ्यावर पडू नये, एवढे तरी व्हावे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. माझ्या मोठ्या भावाची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. चार महिन्यांनी दाढ काढायची वेळ आली. दंतवैद्याकडे जाण्याआधी त्यांनी मोबाइलवर वाचले. पान एका मोठ्या रुग्णालयाचे होते, नाव सांगण्याचे कारण नाही. त्यावर लिहिले होते : ‘कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी रक्त पातळ करणारी औषधे बंद करावीत.’ दादांनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या बंद केल्या. मला विचारले नाही, कारण भाऊ दुकानदार असला तरी रुग्णालय ते रुग्णालय. सहाव्या दिवशी वहिनींनी सहज म्हणून फोनवर सांगितले, तेव्हा माझ्या हातातला पत्ता खाली पडला. स्टेंट ही धातूची जाळी असते आणि तिच्यावर शरीराचे आतले अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होण्याची भीती असते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत या दोन गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कधीही थांबवायच्या नसतात, आणि दाढ काढण्यासाठी बहुतेक वेळा त्या थांबवाव्या लागतही नाहीत. दादांच्या डॉक्टरांना फोन केला, त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या. काही विपरीत घडले नाही, हे आमचे नशीब.

त्या एका वाक्याकडे मी नंतर पुष्कळ वेळ पाहत बसलो. ‘बंद करावीत’ या क्रियापदाला कर्ता नाही. कोणी बंद करावीत? रुग्णाने स्वतःच्या मनाने की डॉक्टरांनी विचार करून? कोणती औषधे, किती दिवस आधी, पुन्हा कधी सुरू करावीत? मराठीतले हे ‘करावे, घ्यावे, टाळावे’ फार सभ्य आणि फार निसरडे रूप आहे. पाककृतीत ते शोभते, कारण तिथे कर्ता सर्वांना ठाऊक असतो. औषधांच्या बाबतीत कर्त्याला वाक्यात उभे केलेच पाहिजे : ‘या गोळ्या तुम्ही स्वतःहून एक दिवसही थांबवू नका. दाढ काढायची असेल किंवा ऑपरेशन ठरले असेल, तर आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. थांबवायच्या की नाही ते तेच सांगतील.’ यात समजायला अवघड काही नाही आणि शास्त्राला सोडूनही काही नाही.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नावही मला सतत अडचणीत आणते. त्या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही, गुठळी होण्याची क्रिया मंदावते. परंतु नाव ऐकून लोकांना वाटते की रक्त पातळ झाले म्हणजे अंगातली ताकद गेली, आणि थोडा थकवा आला की गोळी सुटते. नाव आता बदलणार नाही, ते लोकांच्या तोंडी बसले आहे. पण तुमच्या पानावर त्याच्याशेजारी एक खुलासा असायला हवा.

सल्ल्याच्या भाषेत जे मोघम शब्द असतात त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण निम्मी माहिती तिथेच वाया जाते. ‘मिठाचे सेवन मर्यादित ठेवावे.’ प्रत्येक घर आपले मीठ मर्यादितच समजते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाजीबरोबर लोणचे, पापड, ठेचा आणि चिवड्यातलेही मीठ आले. हेच स्वयंपाकघराच्या हिशेबाने सांगता येते : घरात चार माणसे असतील, तर मिठाचा एक किलोचा पुडा पन्नास दिवस तरी पुरला पाहिजे. हा हिशेब मी ज्यांना सांगितला, त्यांपैकी बहुतेक बायका क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, आमच्याकडे तर महिनाभरही जात नाही. ‘सोडियम २००० मिलिग्रॅम’ वाचून कोणीही असे गप्प झालेले मी पाहिले नाही. याच ठिकाणी कमी सोडियमच्या मिठाविषयीही स्पष्ट लिहायला हवे. त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम असते आणि ज्यांची किडनी अधू आहे किंवा जे बीपीच्या व हृदयाच्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढून ते धोक्याचे ठरू शकते. पाकिटावर ‘हृदयासाठी उत्तम’ वाचून लोक ते घेऊन येतात.

दुसरा मोघम शब्द ‘भरपूर’. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे गेला की वर्तमानपत्रे, महापालिका आणि तुमची रुग्णालयेसुद्धा भरपूर पाणी पिण्याचा सल्ला देतात आणि तो सर्वसामान्यांसाठी योग्यच आहे. पण ज्याचे हृदय अशक्त आहे आणि जो लघवीची गोळी घेतो, त्याला त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या पानावर ‘द्रवपदार्थांचे सेवन नियंत्रित ठेवावे’ असे सांगितलेले असते. दोन्ही पाने एकाच माणसाच्या मोबाइलवर उघडी असतात. त्याने करायचे काय? एकतर तो माठातले पाणी पोटभर पितो आणि आठ दिवसांत पाय सुजून, धापा टाकत भरती होतो. नाहीतर गोळीही घेतो आणि पाणीही तोडतो आणि भर उन्हात चक्कर येऊन पडतो. हृदयाची ताकद कमी असलेल्या नागपूरकरासाठी मे महिन्याचे वेगळे पान लागते, आणि ते लंडनच्या किंवा ह्यूस्टनच्या संकेतस्थळावर मिळणार नाही, ते तुम्हीच लिहू शकता. डॉक्टरांनी दिवसाचे पाणी किती ठरवून दिले आहे ते विचारून घ्या. तेवढे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा. ताक, पन्हे, चहा, वरणाचे पाणी घेतले की तेवढे त्या बाटलीतून कमी करा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढले तर डॉक्टरांना कळवा. उलट तोंडाला कोरड पडत असेल, उठल्यावर अंधारी येत असेल, लघवी कमी झाली असेल, तरीही कळवा, कारण उन्हाळ्यात लघवीच्या गोळीचे प्रमाण बदलावे लागू शकते. यातली एकही गोष्ट तुम्हाला नवीन नाही; तोंडी तुम्ही हेच सांगता. पानावर मात्र ‘नियंत्रित’ एवढाच शब्द उरतो.

लोक शोधतात काय आणि तुमच्या पानाचे मथळे काय असतात, यातही अंतर आहे. रात्री जेवणानंतर छाती भरून आलेला माणूस ‘हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे’ असे शोधत नाही, कारण आपल्याला झटका आला आहे हे त्याला मान्यच नसते. तो शोधतो ‘छातीत गॅस अडकणे उपाय’. त्याला ओवा, सोडा आणि हिंगाचे पाणी सांगणारी शंभर पाने मिळतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. तुमचे पान त्याला तिथे, गॅसच्या मथळ्याखाली भेटले पाहिजे. आणि त्या पानाची पहिली ओळ हृदयाच्या चार कप्प्यांची रचना सांगणारी नसावी. छातीवर दगड ठेवल्यासारखे किंवा कोंडल्यासारखे वाटते आहे का, दुखणे डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात जाते आहे का, दरदरून घाम सुटला आहे का, जीव घाबरा होतो आहे का, तर गॅस समजून थांबू नका, १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. हे पहिल्या चार ओळींत यावे. मधुमेह असलेल्यांना आणि पुष्कळ बायकांना छातीत फारसे दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळते किंवा गळून गेल्यासारखे होते, हेही तिथेच यावे. हृदयाची रचना खाली ठेवा. ज्याला बरे वाटत असेल तो वाचेल.

ऑनलाइन माहितीचे एक काम असे आहे की जे ना तुम्ही करू शकता, ना मी. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी पुष्कळजण पाण्याबरोबर गिळतात, काहीजण उभ्यानेच घेतात आणि बीपी उतरून खाली बसतात. ते मी काउंटरवर समजावून सांगतो, त्यात संकोच कसला. पण हीच गोळी आणि सिल्डेनाफिलसारखी पुरुषांची गोळी एकाच दिवशी घेतली तर बीपी धोकादायक रीतीने कोसळू शकते, हे पाच गिऱ्हाईक उभे असताना मी कोणाला सांगू? आणि ओपीडीत बायको शेजारी बसलेली असताना तो तुम्हाला काय विचारणार? हा प्रश्न माणूस एकट्याने, मोबाइलवरच वाचतो. तिथे तरी औषधाचे नाव घेऊन, आडपडदा न ठेवता लिहिलेले असावे. ‘काही विशिष्ट औषधांसोबत परस्परक्रिया संभवते’ असे लिहून कोणाचे रक्षण होते, ते मला कळलेले नाही.

तुमच्या बाजूचे म्हणणे मला ठाऊक आहे. सोपे लिहिताना नेमकेपणा जातो आणि उद्या काही झाले तर ते वाक्य कोर्टात दाखवले जाईल, अशी भीती तुमच्यापैकी एका तज्ज्ञांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती. मी त्यांना दादांनी वाचलेले ते वाक्य दाखवले. ते अवघड नव्हते, अर्धवट होते, आणि कोर्टात तेच जास्त त्रासाचे ठरले असते. दुसरे म्हणणे असे की लोकांनी मोबाइलवर वाचूच नये, डॉक्टरांना विचारावे. विचारतील, पण बाहेर साठ माणसे नंबर लावून बसलेली असताना तिसरा प्रश्न विचारायला धीर लागतो. शिवाय पानाच्या प्रत्येक परिच्छेदाखाली ‘अधिक माहितीसाठी आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा’ असे असते आणि संपर्कासाठी फोन नंबर मात्र कुठेच नसतो.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती होते. पुढे ती राज्यभर गेली आणि तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. तेव्हापासून ज्या घरात कधी इंग्रजीचे अक्षर वाचले गेले नाही अशा घरांतही स्टेंट पोहोचला. स्टेंट गेला, त्याच्याबरोबर जायची भाषा मागे राहिली. सुट्टीच्या कागदावर अजूनही ओडी, बीडी, टीडीएस, एचएस ही अक्षरेच असतात आणि त्यांचे ‘सकाळी एक, रात्री एक’ असे भाषांतर मी पत्त्याच्या मागे बॉलपेनने लिहून देतो.

काय करता येईल, याविषयी माझे मत साधे आहे. सगळे संकेतस्थळ एकदम बदलायला जाऊ नका. स्टेंटनंतरच्या गोळ्या, अशक्त हृदय आणि पाणी, छातीतले दुखणे, रक्त पातळ करणारी गोळी, एवढी चार पाने आधी घ्या. ती इंग्रजीवरून उतरवू नका. डॉक्टरांनी ती बोलून सांगावीत, वॉर्डातल्या एखाद्या अनुभवी सिस्टरने ऐकावीत आणि मराठी शाळेतल्या शिक्षकाने लिहून काढावीत. मग ती ओपीडीबाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाचायला द्या आणि ‘समजले का’ असे विचारू नका, कारण आपल्याकडे त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘मग घरी गेल्यावर काय कराल?’ असे विचारा. इंग्रजीत १९५३ पासून एक चाचणी वापरतात, तीत मजकुरातला दर पाचवा शब्द गाळून वाचणाऱ्याला तो भरायला सांगतात. तीही मराठीला सहज लागू पडते, तिला अक्षरे मोजावी लागत नाहीत. पानावर ते कोणी तपासले आणि कधी तपासले ते लिहा. अक्षर मोठे ठेवा. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ किंवा फोटो काढून चढवलेले पत्रक टाकू नका, कारण ते मोबाइल वाचून दाखवू शकत नाही, आणि मोतीबिंदू झालेल्या आजोबांना नातू घरी नसताना तेवढाच आधार असतो. २९ सप्टेंबरला, जागतिक हृदय दिनी, चौकाचौकांत फलक लागतात. त्यातल्या एका फलकाच्या खर्चात ही चारही पाने होऊन जातील, असे मला वाटते.

माझ्याकडून जे होईल ते मी करतो. दुपारी दोन ते चार दुकानात वर्दळ नसते. तुम्ही तयार केलेला मजकूर साध्या कागदावर छापून पाठवा, मी तो येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाचायला देईन आणि त्यांनी काय समजून घेतले ते त्यांच्याच शब्दांत लिहून परत पाठवीन. उमरेडकडच्या एक मावशी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असेनोकूमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या गोळ्या न्यायला येतात. लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाने त्यांच्या हृदयाची झडप बिघडली आणि नवी बसवावी लागली. कुठल्याशा पानावर ‘हिरव्या पालेभाज्या टाळाव्यात’ असे वाचून त्यांनी दोन वर्षे मेथी-पालकाला हात लावला नव्हता. खरे तर भाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारखी ठेवायची असते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयएनआर तपासणी चुकवायची नसते. त्या सातवी शिकलेल्या आहेत, सावकाश पण अक्षर न् अक्षर वाचतात, आणि न समजलेले समजले असे म्हणत नाहीत. पहिला कागद त्यांच्याच हातात देईन. त्यांचा वाचायचा जादा चष्मा माझ्या काउंटरच्या खणातच असतो.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता
मेडिकल चौक परिसर, नागपूर